एसएसडीवाला

एसएसडीवाला, म्हणजे जुन्या संगणकात एसएसडी ही वेगवान डिस्क बसवून देणारा, हा गृहनिर्माण सोसायटीत आढळणारा एक परोपकारी प्रकार आहे. प्रत्येक सोसायटीत तो एक तरी असतोच. दोन असले तर त्यांचे एकमेकांशी पटत नाही. वय पंचेचाळीस ते पासष्ट, नोकरी बँकेत किंवा पाटबंधारे खात्यात, आणि संगणकाचे शिक्षण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत, दुकानांच्या काउंटरपाशी उभ्याउभ्या झालेले. फुकट सल्ला देणारे सोसायटीत पुष्कळ असतात. त्यांचे सल्ले चुकतात आणि विषय मिटतो. एसएसडीवाल्याचा सल्ला मात्र बरोबर ठरतो, त्यामुळे त्याला आवरणे अवघड जाते.

त्याचे लक्ष नेहमी दहा-पंधरा वर्षांच्या डेस्कटॉपवर असते. हा संगणक मुलाच्या बारावीसाठी घेतलेला असतो. मुलगा आता बंगळुरूला, आणि संगणकावर विणलेले आच्छादन. बटण दाबून चहा टाकायचा, चहा पिऊन कपबशा विसळल्या की स्क्रीनवर आयकॉन उमटू लागतात, असा घरचा परिपाठ असतो. नवा घ्यायचे घरात जवळजवळ ठरते आणि नेमका लिफ्टमध्ये एसएसडीवाला भेटतो. “नवा कशाला? रविवारी येतो,” एवढे बोलून तो तिसऱ्या मजल्यावर उतरतो.

निदानाला त्याला वेळ लागत नाही. कॅबिनेटला कान लावून तो आतली करकर ऐकतो, टास्क मॅनेजर उघडतो आणि डिस्कपुढचे १०० टक्के सर्वांना दाखवतो. मग व्याख्यान. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. माहिती वाचणारा दांडा दर वेळी हव्या त्या जागी सरकवावा लागतो आणि तबकडीवरची ती जागा त्याच्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. यात दहा-पंधरा मिलिसेकंद जातात, म्हणजे विखुरलेल्या अशा जागा सेकंदाला शंभरच्या आसपासच वाचून होतात. विंडोज सुरू होताना तर हजारो बारीक फायली मागते. “कचेरीत एकच शिपाई, आणि दर कागदाला तळघरात खेप!” हा दृष्टान्त तो प्रत्येक घरी याच शब्दांत देतो. एसएसडीत हलणारा भागच नाही. माहिती फ्लॅश चिपमध्ये असते आणि मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात किंवा त्याहून लवकर हाती लागते.

शस्त्रक्रिया हॉलमध्ये जुन्या वर्तमानपत्रावर होते. “काकू, जुना टूथब्रश आहे का?” हा पहिला प्रश्न. पंख्यावरची धूळ निघते, तिच्याबरोबर काकूंच्या कानातल्याचे हरवलेले मळसूत्र निघते, आणि एसएसडीवाल्याचा मान वाढतो. एसएसडी अडीच इंची, कॅबिनेटमधली खोबण साडेतीन इंची. मधे बसवायची पट्टी बाजारात मिळते, पण ती घरी विसरलेली असते. एसएसडी पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर आणि आत काही फिरत नाही, म्हणून ती दुतर्फा चिकटपट्टीवर निर्धास्त राहते. खरी अडचण वायरची असते. मदरबोर्डवर साटाची, म्हणजे डिस्क जोडायची, जागा मोकळी असते, वायर मात्र नसते. तेव्हा डीव्हीडी रायटरची वायर काढून एसएसडीला लावली जाते. “डीव्हीडी आता बघतं कोण?” यावर कोणी हरकत घेत नाही. लग्नाची सीडी लागत नसल्याचे पुढच्या वाढदिवसाला लक्षात येते.

यानंतर क्लोनिंग, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल. कुठून उचलायचे आणि कुठे उतरवायचे हे इथे विचारले जाते, आणि उत्तर उलटे दिले तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. एसएसडीवाला आयुष्यात गप्प बसतो तो या एका पडद्यापुढे. चष्मा कपाळावरून खाली येतो, दोन्ही डिस्कच्या जीबींचे आकडे बोटाने तपासले जातात. घरातल्या फोटोंची दुसरी प्रत आहे का, हे विचारायचेही त्याला तेव्हाच आठवते. शेवटी बायोस. तिथे जायची कळ कंपनीगणिक वेगळी, म्हणून तो डिलीट, एफ-दोन आणि एफ-दहा आलटून पालटून बडवतो. बोर्डावरचा सेल संपलेला असल्याने तारीख १ जानेवारी २००९ दिसते. संगणक सुरू होण्याच्या क्रमात एसएसडी पहिली आणली जाते, जुनी डिस्क डी ड्राइव्ह म्हणून मागे राहते.

पुढच्या वेळी बटण दाबल्यावर वीस-पंचवीस सेकंदांत डेस्कटॉप दिसतो. चहा अजून उकळलेलाही नसतो. एसएसडीवाला मोबाइलवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन व्हिडिओ घेऊन सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. खोक्यावर लिहिलेले सेकंदाला ५५० एमबी मिळत नाहीत, अशी तक्रार करणारा एक इंजिनिअर त्या ग्रुपवर असतोच. जुन्या बोर्डाचा साटा दुसऱ्या पिढीचा, त्यातून २८० पलीकडे जात नाही, हे खरे. पण रोजच्या कामात जाणवतो तो शोधाशोधीचा वाचलेला वेळ, हेही खरे. एसएसडीवाला पुन्हा बरोबर ठरतो.

यशाचे दुष्परिणाम इथून सुरू होतात. दोन जीबी रॅममुळे ब्राउझर अडखळतो, वायफाय बेडरूममध्ये पोचत नाही, प्रिंटर कागद गिळतो, तिन्हींवर त्याचा पहिला प्रश्न “एसएसडी लावली का?” हाच असतो. ज्यांनी लावली आहे त्यांनी ‘चांगल्या कंपनी’ची लावली नाही, असे निघते.

ही जमात आता आक्रसत चालली आहे. नव्या संगणकात एसएसडी आधीच असते, तीही थेट बोर्डात खोचलेली. वायरही नाही, पट्टीही नाही. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल संपली, आणि एसएसडीने तरुण झालेल्या बहुतेक डेस्कटॉपांचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. एसएसडीवाल्यांपैकी जे खचले ते झाडांना पाणी घालू लागले. बाकीच्यांच्या खिशात लिनक्सचा पेनड्राइव्ह आला आहे, आणि त्यांच्या सोसायटीतल्या लोकांनी जिन्याने जायला सुरुवात केली आहे.