गर्भाशयाचा सातबारा

महसूल खात्यात एकतीस वर्षे लेखणी झिजवून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेल्या मनुष्याकडे लोक बांधाचे तंटे, वारसांच्या नोंदी आणि फार तर लग्नपत्रिकेतील मानपानाचा अनुक्रम एवढ्याच कामांसाठी येतात, अशी माझी समजूत होती. ती गेल्या पंधरवड्यात खोटी ठरली. आमच्या मतदारसंघातील एक वजनदार पुढारी भल्या सकाळी दारात उभे राहिले आणि स्त्रियांच्या एका संघटनेने त्यांना दिलेले निवेदन माझ्यापुढे टाकून म्हणाले, "भाऊसाहेब, या बायकांचे म्हणणे असे, की मूल हवे की नको, केव्हा हवे आणि किती हवीत, हे जिचे पोट तिनेच ठरवायचे. जाहीरनाम्यात यावर चार ओळी घालायच्या आहेत. अशा लिहा, की वाचून बायका प्रसन्न व्हाव्यात आणि त्यांच्या नवऱ्यांना काही कळू नये."

कोणतीही मागणी समोर आली, की मागणाऱ्याच्या चेहऱ्याकडे न पाहता प्रथम मिळकतीचा उतारा पाहावयाचा, ही माझी जन्माची सवय. स्त्रीच्या देहाला जमिनीचा दाखला लावणे हे कारकुनी डोक्याचे औद्धत्य होय, असे कोणी म्हणेल. परंतु त्या कल्पनेचे श्रेय माझे नव्हे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री हे क्षेत्र आणि पुरुष हे बीज अशी व्यवस्था लावून, एकाच्या शेतात दुसऱ्याने पेरले तर पीक कोणाच्या पदरात पडावे याचा जो सूक्ष्म ऊहापोह केला आहे, तो वाचताना मला नेहमी एखाद्या मुरलेल्या तहसीलदाराच्या निकालपत्राची आठवण होते. त्या सबंध दाव्यात बीजवाला पक्षकार आहे, शेतवाला पक्षकार आहे. शेताची मात्र साधी जबानीदेखील घेतलेली नाही. तेव्हा परंपरेला स्मरून मी कोरा नमुना पुढे ओढला आणि गर्भाशयाचा सातबारा लिहावयास बसलो.

वरचा रकाना भूधारणा पद्धतीचा. ज्यांचा सातबाऱ्याशी कधी संबंध आला नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो, की भोगवटादार दोन वर्गांचे असतात. वर्ग एकचा आपली जमीन विकतो, गहाण टाकतो, वाटल्यास पडीक ठेवतो. वर्ग दोनच्याही नावावर जमीन असते, सारा तोच भरतो, मशागत तोच करतो. परंतु विकावयाची म्हटली, की सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. १९७१ चा गर्भपाताचा कायदा महसुली नजरेने वाचू लागलो तेव्हा हा रकाना भरणे फारसे अवघड गेले नाही. १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे, स्त्रीचा जीव वाचवण्याखेरीज अन्य कारणाने गर्भपात करणारा तर गुन्हेगार होताच, पण करवून घेणारीही होती. त्या मानाने शांतिलाल शाह समितीच्या शिफारशींतून आलेला हा कायदा म्हणजे उपकारच म्हणावयाचा. मात्र त्याची कलमे नीट वाचली म्हणजे ध्यानात येते, की त्याने स्त्रीला हक्क दिलेला नसून डॉक्टरला माफी दिलेली आहे. नोंदणीकृत डॉक्टरने सद्भावनेने अमुक मत बनवले तर तो दोषी नव्हे, एवढेच त्याचे सार. बाईची संमती लागते खरी. परंतु पंचनाम्याला पंचाचा अंगठा लागतो, तशीच.

२०२१ च्या दुरुस्तीने ही व्यवस्था आणखी शिस्तशीर झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत. त्यापुढे चोवीस आठवड्यांपर्यंत, तेही नियमांत गणलेल्या काही वर्गांतील स्त्रियांनाच, दोन डॉक्टरांचे. आणि त्याही पुढे, गर्भात गंभीर व्यंग असल्यास, वैद्यकीय मंडळाचे. पोट जसजसे वाढते तसतसा परवानगी देणाऱ्याचा हुद्दाही वाढत जातो. अविवाहितेलाही चोवीस आठवड्यांचा लाभ मिळावा, हे सांगण्यासाठी २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयास निकाल द्यावा लागला. पुढल्याच वर्षी दोन मुलांची एक विवाहित आई सव्विसाव्या आठवड्याच्या सुमारास त्याच न्यायालयाच्या दारी उभी राहिली असता ९ ऑक्टोबरला तिला परवानगी मिळाली, मग न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि १६ ऑक्टोबरला परवानगी नाकारण्यात आली. दिवाणी दाव्यात तारखा पडत राहिल्या तरी जमीन जागच्या जागी असते. या दाव्यातील वादवस्तू मात्र तारखेगणिक वाढते, ही अडचण कार्यपद्धती ठरवणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली दिसते.

येथे एक योगायोग नमूद करणे मला आवश्यक वाटते. 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व मानून कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कुळांना मालक ठरवले. आणि बरोबर पंधरा वर्षांनी, १ एप्रिल १९७२ रोजी, गर्भपाताचा कायदा अंमलात आला. तारीख तीच, राज्यघटना तीच; परंतु नऊ महिने जी कसते तिच्या नावापुढे मला 'वर्ग दोन' असेच लिहावे लागले.

त्यानंतर 'इतर हक्क' हा रकाना. वस्तुतः तो अरुंद असतो. परंतु येथे मला पुरवणी कागद जोडावे लागले.

पहिली नोंद नवऱ्याची. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातास तिची एकटीची संमती पुरेशी आहे. नवऱ्याच्या सहीची कायद्यात कोठेही गरज नाही. परंतु माझ्या एका भाचीला घेऊन मी दवाखान्यात गेलो असता खिडकीमागच्या गृहस्थांनी अर्ज उलटसुलट करून विचारले, "यजमानांची सही?" मी कलमाचा क्रमांक सांगितला. "कायद्यात नसेल, पण आमच्याकडे तशी पद्धत आहे," ते म्हणाले. मला भरून आले. वहिवाटीपुढे कायदा लंगडा पडतो, हे मी ज्या खात्यात शिकलो त्याची शाखा इस्पितळातही निघाली आहे, याची मला कल्पना नव्हती.

दुसरी नोंद खुद्द सरकारची. १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू करून आपल्या देशाने जगात पहिला मान मिळवला, आणि आणीबाणीत तर १९७६-७७ या एकाच वर्षात ऐंशी लाखांवर शस्त्रक्रिया उरकल्या. सक्तीच्या निर्बीजीकरणाचे विधेयक १९७६ मध्ये आमच्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमतही केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते दप्तरात राहिले. पुढे १९७७ ची निवडणूक झाली, नसबंदीच्या संतापाने सरकार वाहून गेले, आणि राज्यकर्त्या वर्गाने त्यातून जो धडा घेतला तो असा: पुरुषाच्या देहाला हात लावला तर सरकार पडते, स्त्रीच्या देहाला लावला तर लक्ष्यपूर्ती होते. हा आरोप नव्हे, हिशेब आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत संतती रोखण्यासाठी स्त्रीची शस्त्रक्रिया झालेल्या जोडप्यांचे प्रमाण ३७.९ टक्के आहे, पुरुषाची झालेल्यांचे ०.३ टक्के. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी. परंतु सोपे काम वरिष्ठांनी करावयाचे नसते, हा कचेरीचा सर्वमान्य शिरस्ता आहे.

सरकारच्या हक्कात एक पोटनोंद आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले तर ग्रामपंचायतीचे सदस्यत्व जाते. आमदार आणि खासदार यांना ही अट नाही. लोकसंख्येचा भार बहुधा ग्रामपंचायतीच्या पातळीवरच जाणवत असावा. विधानभवनाच्या उंचीवरून तो दिसत नसेल. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना देणाऱ्या राज्यात ही अट कोणाच्या गळ्याशी येते, हे सांगावयास नको: मूल किती व्हावे हे घरी तिला कोणी विचारीत नाही, आणि तिसरे झाले की खुर्ची मात्र तिची जाते.

आता नमुना बारा, म्हणजे पीकपाहणी. काय पेरावे आणि किती पेरावे, याविषयीची सरकारी धोरणे कापसाच्या भावासारखी फिरतात. काल 'दोन पुरेत' म्हणणाऱ्यांपैकी काहीजण आज 'तीन तरी हवीत' म्हणू लागले आहेत. आंध्र प्रदेशाने तर आपली दोन अपत्यांची अट २०२४ मध्ये रद्दच केली. दोन्ही सल्ले व्यासपीठावरून, बहुधा पुरुषांनी, राष्ट्रहिताच्या भाषेत दिले, हे त्यांतील सातत्य. पीक कोणते हवे, याविषयी मात्र घराघरांचे एकमत असे. गर्भजल तपासून मुलगी असल्यास गर्भ पाडण्याचा धंदा मुंबईत भरभराटीस आला, तेव्हा स्त्रीसंघटनांनी आणि काही डॉक्टरांनी रस्त्यावर येऊन केलेल्या खटपटीमुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. येथे सोयीचा गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो: गर्भपाताचा हक्क मागणाऱ्या बायका आणि लिंगनिदानाविरुद्ध लढणाऱ्या बायका बहुतांशी त्याच आहेत. मूल नको म्हणण्याचा अधिकार तिला असावा आणि मुलगी नको म्हणण्याची सक्ती तिच्यावर नसावी, ही एकाच वाक्याची दोन अंगे आहेत. पण आमचे पुढारी अर्ध्या वाक्यालाच टाळी घेऊन खाली बसतात.

यानंतर 'पोटखराबा'. लागवडीस निरुपयोगी क्षेत्रास हा शब्द ज्या पूर्वजाने योजला त्याच्या भविष्यदृष्टीस मी नमस्कार करतो. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारे जोडपे म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस खाडा झाला तर दंड. कोयत्याला पाळी येत नाही, कोयता गरोदर राहत नाही, अशी या धंद्याची अपेक्षा असल्यामुळे तिशी ओलांडण्यापूर्वीच कित्येकींनी 'पिशवी' काढून टाकली. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जी पाहणी आली, तीत सुमारे ब्याऐंशी हजार स्त्रियांपैकी तेरा हजारांवर स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. येथे निर्णय कोणाचा, असे विचाराल तर सर्व कागदांवर तिचाच अंगठा आहे. या रकान्यात मला विनोद सुचला नाही.

उतारा घेऊन मी पुढाऱ्यांकडे गेलो. त्यांनी तो चष्म्याच्या वरून वाचला. "सगळे ठीक आहे," ते म्हणाले, "पण मालकाचा रकाना कोरा कसा?"

"त्याच नोंदीसाठी तर त्यांचे निवेदन आहे," मी म्हणालो.

ते क्षणभर विचारात पडले. जाहीरनामा छापून आला तेव्हा त्या पानावर कडेवर मूल घेतलेल्या एका हसऱ्या स्त्रीचे रंगीत चित्र होते आणि त्याखाली 'मातृशक्तीचा सन्मान' ही अक्षरे. चार ओळींचे काम दोन शब्दांत झाले होते.

कागद अपुरा ठेवणे मला जमत नाही, म्हणून मी फेरफाराची नोंदवही उघडली. मूळ अर्ज सापडला. तो र. धों. कर्वे यांचा. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी गमावली. १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र बॅरिस्टर आंबेडकरांनी घेतले आणि तरीही कर्व्यांना दंड झाला. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाच्या रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयी मिळाव्यात असा ठराव मुंबई विधानसभेत मांडला; तो फेटाळला गेला. पुढे शकुंतला परांजपे यांनी तोच विषय विधान परिषदेत आणि राज्यसभेत नेला. त्यानंतरचे अर्ज मोर्चांतून आलेले, भाजणाऱ्या उन्हात लिहिलेले, शाई पसरलेले. प्रत्येकामागे हरकतींचे बाड टाचलेले होते: धर्माची हरकत, संस्कृतीची हरकत, लोकसंख्येची हरकत, आणि तळाशी 'सध्या ही वेळ नव्हे' अशी सर्वपक्षीय हरकत.

नियम स्पष्ट आहे. फेरफाराची नोटीस चावडीवर लागल्यापासून पंधरा दिवसांत हरकती घ्यावयाच्या, चौकशी करावयाची आणि नोंद प्रमाणित करावयाची. मी अर्जाची तारीख पुन्हा एकदा ताडून पाहिली, आणि शेऱ्याच्या रकान्यात माझ्या वळणदार अक्षरात लिहिले: 'मुदत चालू.'