मुलगी बघायला आलेल्यांना

प्रति,
पेबल तांबेशोधक मंडळी (वरपक्ष),
मुक्काम इलियाम्ना तळ्याजवळ, नैर्ऋत्य अलास्का



मी मुलीकडचा लांबचा मामा. इतका लांबचा, की मध्ये अख्खा प्रशांत महासागर पडतो. पण स्थळाची चर्चा निघाली की मामाला अंतर आड येत नाही.

‘आम्ही नुसतं बघायला आलोय’ म्हणत तुमच्यातल्या पहिल्यांनी, कॉमिन्को या खाण कंपनीने, १९८७ च्या सुमारास उंबरा ओलांडला. २००१ पासून स्थळ नॉर्दर्न डायनेस्टी या दुसऱ्या कंपनीच्या हाती आहे. आमच्याकडे बघण्याचा कार्यक्रम पाऊण तासात उरकतो. पोहे, चहा, ‘गाणं येतं का?’, की निघाले. तुमचे पोहे अजून चाललेच आहेत.

पूर्वी मुलीला ‘चालून दाखव’ म्हणायचे. तुम्ही तिला, म्हणजे इथल्या जमिनीला, हजाराहून जास्त ठिकाणी टोचून पाहिलंत. रस्ता नाही, म्हणून ड्रिलचं यंत्र हेलिकॉप्टरला टांगून न्यायचं, खालचा दगड दांडुक्यासारखा उपसून काढायचा, खोक्यांत ओळीने निजवायचा आणि त्यावर आकडे घालायचे. ही सगळी भोकं एकापुढे एक मांडली तर दहा लाख फुटांच्या वर भरतात. म्हणजे मुंबईहून निघालात तर चिपळूण मागे टाकाल. आमचा पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन एका फेरीत जागा दाखवतो, आणि बोअर कोरडी गेली तर निदान तोंड चुकवून फिरतो.

बरं, बघून निघालं काय? हजार किलो दगडात चारेक किलो तांबं. एक बरासा हंडा होईल. (शिवाय चिमूट-चिमूट सोनं आणि मॉलिब्डेनम, ते मानपानात धरू.) उरलेला भुगा बांध घालून कायमचा सांभाळू, असा तुमचा शब्द. आता ‘कायमचा’ म्हणजे किती, ते तुमच्याच वऱ्हाडाने दाखवलं. मित्सुबिशी २०११ मध्ये उठली, अँग्लो अमेरिकन २०१३ मध्ये. रिओ टिंटोने तर २०१४ मध्ये आपले शेअर अलास्कातल्या दोन धर्मादाय संस्थांना देऊन टाकले. नको झालेली साडी देवीच्या ओटीत घालतात, तसे. परवान्याच्या अर्जात खाण २० वर्षांची. २०२० मध्ये गुपचूप टिपलेल्या व्हिडिओत मात्र तुमच्याच माणसांच्या गप्पा शंभरावर वर्षांच्या. त्यापायी तुमच्या एका प्रमुखाला खुर्ची सोडावी लागली.

आणि या घरात एक माहेरवाशीण आहे, तिची चौकशी तुम्ही कधी धड केलीत का? सॉकाय सामन. जगातली जवळपास निम्मी इथली, ब्रिस्टल उपसागराची. २०२२ मध्ये ७.९ कोटी मासे परतले. दोन-तीन वर्षं समुद्रात काढून ती बाळंतपणाला माहेरी येते, आणि ज्या ओढ्यात जन्मली तोच ओढा नेमका वासावरून ओळखते. पाण्यात तांब्याचा नुसता अंश उतरला तरी तिचं नाक मंदावतं. मग माहेर दारात असून ती ओळखणार कशी? तिच्यावरच जगणाऱ्या सहा आदिवासी जमातींनी २०१० मध्येच खाण रोखा म्हणून ईपीए या अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेकडे अर्ज टाकला होता.

इलियाम्नातल्या काहींच्या चुली तुमच्या मजुरीवर पेटल्या, हे मी विसरत नाही. तांबं मलाही लागतं. हे लिहिताना डोक्यावर जो पंखा फिरतोय, त्याच्या पोटात तेच आहे, आणि चिंचेनं घासलेलं ताम्हन देवघरात आहेच. म्हणून म्हणतो, स्थळं बघा. फक्त एकाच दारात किती वर्षं बसायचं?

कारण नकार कळवून झालाय. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने परवाना नाकारला, २०२३ च्या जानेवारीत ईपीएने दारच लावून घेतलं. त्यावर २०२४ मध्ये तुम्ही कोर्टात गेलात. जमीन राज्याची, म्हणजे अलास्का सरकार मुलीचे सख्खे काका. तेही तुमच्याच बाजूने! नकार आला म्हणून मुलीकडच्यांवर दावा लावणारं स्थळ मी तरी पहिलंच पाहिलं.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
लांबचा मामा

ता. क. जाताना भोकं नीट बुजवून जा. जुलैत माहेरवाशिणी यायच्या आहेत.