तिसऱ्याचा लाभ

बीडच्या माळीवेशीतल्या एका घरात जुनी पत्र्याची पेटी उघडली आणि तळाशी चारमिनारचे तीन रुपये निघाले. घरातल्या पोराने तासाभरात मोबाईलवर शोध लावला, की आपण लखपती झालोय. आजीने त्याच तासाभरात चिंच आणि राख लावून तिन्ही नाणी लख्ख घासली.

घराण्याची श्रीमंती एवढीच टिकली.

जुन्या नाण्यांच्या बाजारात घासलेल्या नाण्याला कुणी विचारत नाही. तिथे काळपटपणाला भाव, पुटं चढली असतील तर आणखी भाव. आमच्याकडे भांडं घासलं नाही तर सासू बोलते. तिकडे घासलं तर तज्ज्ञ बोलतो.

नाणी निजामाची. बीड १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात, तेव्हा इथल्या पेटीत व्हिक्टोरिया राणीपेक्षा चारमिनार निघण्याचीच शक्यता जास्त. हा हाली सिक्का. इंग्रजांचा तो कलदार. सात हाली मोजले की सहा कलदार मिळायचे. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक इवलंसं अक्षर असतं. मीम असेल तर नाणं महबूब अली खानाचं, ऐन असेल तर उस्मान अली खानाचं. घरातले आजोबा नव्वदीला टेकलेले, शाळा उर्दूतून झालेली. त्यांनी नाणं खिडकीकडे धरलं, म्हणाले, ‘ऐन.’ मग शहाबादी फरशीवर टाकलं. खण्ण वाजलं. ‘अस्सल,’ म्हणाले आणि पानाचा डबा ओढला.

पोराने विचारलं, ‘पण सर्टिफिकेट?’

आता या पोराला हसायचं कारण नाही. जग त्याच्याच बाजूचं आहे. अमेरिकेत १९८६मध्ये पीसीजीएस आणि १९८७मध्ये एनजीसी अशा दोन कंपन्या निघाल्या. नाणं पाठवा, फी भरा. ते खरं-खोटं पाहतात, ७०पैकी गुण देतात आणि नाणं प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. विकणारा आपल्या मालाला चांगलंच म्हणणार, घेणारा वाईटच म्हणणार. म्हणून मधे तिसरा. कल्पना झकास आहे.

फक्त तिसऱ्याला पैसे कोण देतो, हे विचारायचं नाही.

फी देतो तो नाणं पाठवणारा, आणि पाठवणारा बहुतेक वेळा विकणारा. गुण मनासारखे नाही मिळाले तर डबी फोडायची, पुन्हा फी भरायची, पुन्हा पाठवायचं. तेच नाणं कधी कधी एक गुण वर चढून येतं. आपल्या बोर्डाच्या पुनर्मूल्यांकनातही असं होतं म्हणा. पण तिथे निदान पेपर विकायला काढलेला नसतो.

आणि हे ७० गुण आले कुठून? विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थाने १९४९मध्ये तांब्याच्या जुन्या अमेरिकन सेंटसाठी ही मोजपट्टी काढली. आज जगभरची नाणी तिच्यावर मोजतात. शेल्डन वारल्यावर उघड झालं, की या थोर पारख्याने अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली शंभराहून जास्त चांगली नाणी उचलली होती आणि त्यांच्या जागी हलकी ठेवली होती.

पारख मात्र होती, हे मानलं पाहिजे.

नाण्यांचं पाहून बेसबॉलच्या कार्डांचंही तेच सुरू झालं. आपल्याकडे बबलगमच्या पाकिटात क्रिकेटवाल्यांची चित्रं यायची, तशी तिकडे शंभर वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटात बेसबॉलवाल्यांची यायची. होनस वॅग्नर नावाच्या खेळाडूचं १९०९च्या सुमाराचं कार्ड कित्येक वर्षं सगळ्यांत महाग होतं. पीएसए या कंपनीने १९९१मध्ये तपासणीचं दुकान उघडलं आणि प्रमाणपत्र क्रमांक एक दिलं ते या वॅग्नरला. दहापैकी आठ गुण. २००७मध्ये तो तुकडा २८ लाख डॉलरला गेला. २०१३मध्ये बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने शिकागोच्या कोर्टात कबूल केलं, की कडा टोकदार दिसाव्यात म्हणून आपण ते कार्ड कापलं होतं.

कापलेल्या कार्डाला गुण द्यायचे नाहीत, हा त्या धंद्याचा पहिला नियम. पहिल्याच प्रमाणपत्राला मोडला.

आता बीडच्या माणसाला यात नवल ते काय वाटावं? इथे बदलीसाठी बोगस दिव्यांग प्रमाणपत्रं जोडल्याच्या संशयावरून जिल्हा परिषदेचे शिक्षक निलंबित झालेत. कागदावर शिक्का दिसला की आमचा माणूस आधी शिक्क्याचा भाव विचारतो.

आणि गुण देणारा ग्रेडर? ग्रेडर तर आमच्या गेवराई-माजलगावच्या शेतकऱ्याला पाठ आहे. सीसीआयच्या, म्हणजे कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर टेम्पो रात्रभर रांगेत. सकाळी ग्रेडर येतो, कापसात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर काढून ओलावा मोजायचं यंत्र लावतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे टक्क्यामागे कपात, बाराच्या वर गेला की टेम्पो माघारी. शेतकरी कापूस उन्हात पसरतो आणि दोन दिवसांनी पुन्हा येतो. डबी फोडून पुन्हा पाठवणाऱ्यापेक्षा हा प्रामाणिक. याचा माल खरंच बदललेला असतो.

तिकडे ग्रेडरला विकणारा पैसे देतो, इकडे ग्रेडर घेणाऱ्याचाच. मग तिसरा कोण?

सराफाच्या पेढीवर आहे म्हणतात. १ एप्रिल २०२३पासून सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी नंबर असल्याशिवाय सोन्याचा हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. नंबर मोबाईलच्या बीआयएस केअर ॲपवर टाकायचा, दागिन्याची कुंडली समोर. तो टाकून पाहणारं गिऱ्हाईक कुणी पाहिलंय का? लग्नाच्या खरेदीत बारा बायका, दोन मामा आणि एक भिंग. भिंगातून सगळे घडणावळ पाहतात. आणि दागिना तपासणी केंद्रावर कोण पाठवतो, फी कोण भरतो? सराफ.

खरा तिसरा आपल्याकडे होऊन गेला. पोतदार. आज ते आडनाव आहे, एकेकाळी ते काम होतं: गावात येणारं नाणं पारखायचं. अंकुशी, चांदवडी, कुठकुठल्या टांकसाळींचे रुपये फिरायचे. कुठल्यात चांदी किती, कुणाला बट्टा किती, हे पोतदार सांगायचा. नावाला बट्टा लागतो, तो या बाजारातूनच आपल्या बोलण्यात आला. पोतदाराचा हक्क गावावर. नाणं खरं निघो, खोटं निघो, त्याचं धान्य ठरलेलं. आणि खोट्याला खरं म्हणाला, तर तोंड लपवायला दुसरं गाव नव्हतं.

म्हणून पोतदार सगळे साधू होते असं नाही. पण त्यांचं घर माहीत होतं.

आता घर कुणाचं माहीत आहे? जुनी नाणी लाखोंना घेतो म्हणणारे व्हिडिओवाले आधी ‘नोंदणी शुल्क’ मागतात आणि वर रिझर्व्ह बँकेचं नाव लावतात. ऑगस्ट २०२१मध्ये बँकेला जाहीर सांगावं लागलं, की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कसलंही कमिशन मागत नाही. दर शिवराई महाराजांच्याच हातची म्हणून विकणारेही हेच. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ ही अक्षरं महाराजांनंतरही पिढ्यान्‌पिढ्या तांब्यावर पडत राहिली, एवढं साधं कुणी सांगत नाही. सांगितलं तर शून्यं कमी होतात.

तिकडे अमेरिकेत एक पाऊल पुढे. नाणी खोटी यायची म्हणून डबी आली. मग डब्याच खोट्या यायला लागल्या. आता पीसीजीएसने डबीत चिप घातली आहे, डबी खरी आहे हे कळायला.

चिपची डबी यायची आहे.

माळीवेशीतल्या पोराने शेवटी नाणी सराफाकडे नेली. हाली रुपया अकरा ग्रॅमच्या आसपास, त्यात चांदी बहुधा ऐंशी टक्क्यांच्या थोडी वर. सराफाने काटा पाहून चांदीचा भाव सांगितला. पोरगा पडक्या चेहऱ्याने घरी आला.

दिवाळीला पुण्याहून आतेभाऊ आला. त्याच्याकडे तसंच चारमिनारचं नाणं, पण डबीतलं. वर पट्टी, गुण, नंबर, सगळं. मोबाईलवर नंबर टाकून त्याने फोटोही दाखवला. सगळं घर गोळा झालं. डबी हातोहात फिरत आजोबांकडे आली. त्यांनी ती उलटसुलट केली, खिडकीकडे धरली. प्लास्टिकवर ऊन चमकलं, अक्षर काही दिसेना.

मग सवयीने फरशीवर टाकली.

‘टक्.’

‘हा डबीचा आवाज,’ आजोबा म्हणाले. ‘नाण्याचा कुठंय?’

आतेभाऊ डबीला तडा गेला का ते पाहत होता.