स्टिकवाले साहेब

वर्ध्याच्या लॉजमध्ये मुक्कामाला कोण येणार हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. सेवाग्राम आणि सावंगी मेघे इथे दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं असल्यामुळे पेशंटचे नातेवाईक आणि मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह बारमाही. हिंदी विश्वविद्यालयाचे पाहुणे अधूनमधून, हिंगणघाटच्या कापसामागे फिरणारे बियाणं-फवारणीवाले हंगामात आणि वऱ्हाडी मंडळी मुहूर्त असेल तेव्हा. या सगळ्यांतूनच अलीकडे एक नवी पोटजात निघाली आहे. तिला स्टिकवाले साहेब म्हणू. साधा माणूस खोलीत शिरला की बाथरूमचा नळ सोडून पाहतो, उशीचा वास घेतो आणि पंख्याचं बटण शोधतो. साहेब यातलं काही करत नाहीत. बॅग दारातच ठेवून ते थेट टीव्हीपाशी जातात, भिंतीला गाल टेकवतात आणि मोबाइलच्या उजेडात टीव्हीची पाठ न्याहाळू लागतात. चादर बदलायला आलेला पोरगा बिचकून विचारतो, "साहेब, टीव्ही काहून काढून रायले जी?" साहेब मान न वळवता म्हणतात, "एचडीएमआय बघतोय."

साहेबांच्या चेनच्या पाऊचमध्ये काय काय असतं ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण त्यातल्या प्रत्येक वस्तूमागे एकेक पराभव आहे. टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये खोचली की इंटरनेटवरच्या मालिका दाखवणारी स्टिक आणि तिचा रिमोट तर असतोच. जोडीला वीतभर एचडीएमआय एक्स्टेन्शन, कारण लॉजवाल्याने टीव्ही भिंतीला असा चिकटवलेला असतो की मागे बोट जात नाही. स्वतंत्र अॅडॉप्टर, कारण टीव्हीच्या यूएसबीतून मिळणारी वीज पुष्कळदा पुरत नाही आणि स्टिक पुन्हा पुन्हा चालू-बंद होत राहते. एक्स्टेन्शन बोर्ड, कारण टीव्हीजवळचा एकुलता एक सॉकेट केबलवाल्याच्या बॉक्सनं बळकावलेला. आणि दोन जादा सेल. इतकी तयारी असूनही पहिला अडथळा वेगळाच निघतो. खोलीत रिमोट मिळतो तो बॉक्सचा, टीव्हीचा रिमोट काउंटरवर जमा असतो. तो मागवावा तर काही टीव्ही हॉटेल मोडमध्ये कुलूपबंद केलेले, सोर्सचं बटण दाबलं तरी ढिम्म हलत नाहीत. हे सगळं जमलं की वायफाय आडवं येतं. लॉजच्या वायफायला आधी एक पान उघडून मोबाइल नंबर आणि ओटीपी द्यावा लागतो, आणि असं पान उघडणं प्रत्येक उपकरणाला जमतंच असं नाही. यावर साहेबांचा उपाय मात्र दाद देण्यासारखा आहे. आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला ते घरच्या वायफायचंच नाव आणि तोच पासवर्ड देतात. स्टिकला वाटतं आपण घरीच आहोत आणि ती निमूटपणे जोडली जाते. वर्ध्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत 'माउली कृपा' प्रसारित होऊ लागते.

लोक साहेबांना हसतात ते 'काय हे टीव्हीचं वेड' म्हणून. माझ्या मते हे निदानच चुकीचं आहे, कारण साहेबांना टीव्ही बघायचाच नसतो. पुरावा साधा आहे. जोडणी झाल्यावर ते लावतात काय? तर दोनदा पाहून झालेली मालिका, आणि तीही दहाव्या मिनिटाला घोरत. ज्याला कथेची भूक असते तो नवं काहीतरी लावतो आणि निदान मध्यंतरापर्यंत जागा राहतो. शिवाय हिशेबही पाहा. एचडी चित्र तासाला साधारण तीन जीबी डाटा खातं आणि साहेबांच्या पॅकमध्ये दिवसाला दोन जीबी. म्हणजे चाळीसेक मिनिटांत खून पडतो, पण खुनी सापडायच्या आत डाटा संपतो. हे साहेबांना पक्कं ठाऊक असतं, तरी जोडणीचा उत्साह कमी होत नाही. तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवं, आणि ते त्यांच्या घरात सापडतं. घरी रिमोट कुणाकडे असतो? साडेसात ते दहा सौभाग्यवतींच्या मालिका, त्याआधी पोरांची कार्टूनं, सकाळी आईंचं कीर्तन. घरातल्या टीव्हीचे हप्ते साहेबांनी भरले आणि स्टिकचं सबस्क्रिप्शनही तेच भरतात, पण दोन्ही यंत्रांवर त्यांची सत्ता रात्री साडेअकरानंतर सुरू होते, तेही आवाज बंद ठेवून. लॉजची खोली ही एकच जागा अशी, जिथे रिमोट निर्विवाद त्यांचा. त्या बत्तीस इंची पडद्यावर स्वतःचं नाव आणि स्वतःचं प्रोफाइल उमटलं की साहेबांचं काम झालं. पुढची झोप ही विजयानंतरची झोप असते.

आता कुणी म्हणेल, गांधी-विनोबांच्या जिल्ह्यात येऊन हे चाळे? पवनारला धाम नदीच्या काठी बसावं, बापू कुटी बघावी. आक्षेप भारदस्त आहे, पण वेळापत्रकाला धरून नाही. साहेबांची डॉक्टरांकडची भेट रात्री आठला संपते आणि कुटी काही रात्री बघायला मिळत नाही. जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे इतर जिल्ह्यांत मार्केटिंगच्या माणसांची संध्याकाळ जिथे जाते तो रस्ताही इथे बंद, निदान कागदावर. जेवण झालं आणि घरच्यांसाठी गोरसपाकचा पुडा बांधून घेतला की उरतो तो टीव्ही. आणि आपलं यंत्र बरोबर घेऊन फिरण्यात अ-गांधीवादी असं काय आहे? येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधींनी पेटीत घडी होऊन मावेल अशा चरख्यावर डोकं लावलं आणि त्यावरून त्याला येरवडा चरखा हेच नाव पडलं. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला लंडनला जातानाही चरखा सामानात होता. यजमानाच्या घरी काय असेल यावर ते विसंबले नाहीत. परक्याच्या घरात आपली तार जोडण्याचा मान तर खुद्द व्हाइसरॉयकडे जातो. सेवाग्रामच्या आश्रमात लिनलिथगोंनी संपर्कासाठी टेलिफोन बसवून दिला होता. चरख्यातून सूत निघत होतं आणि स्टिकमधून काहीच निघत नाही, हा फरक मी कबूल करतो. साहेबही करतील, जागे असले तर.

दुसरा आक्षेप तरुणांचा: मोबाइल असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला? याचं उत्तर पन्नाशीतली मान देईल. दिवसभर त्याच पावणेसात इंचावर ऑर्डरी, मॅनेजरचे मेसेज आणि लोकेशन पाठवून झाल्यावर रात्रीही तोच पडदा छातीवर धरायचा, याला करमणूक म्हणत नाहीत. तिसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. आता लॉजमध्येही स्मार्ट टीव्ही आलेत, मग स्टिक हवी कशाला? इथे मात्र साहेब शंभर टक्के बरोबर आहेत आणि हसणारे चूक. लॉजच्या स्मार्ट टीव्हीवर स्वतःचं अकाउंट उघडणं म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाती ते सोपवून जाणं. साइन आउट करायचं राहून गेलेली प्रोफाइलं अशा टीव्हीवर जागोजागी दिसतात. कुण्या अनोळखी कुटुंबाच्या 'बाबा', 'आई' आणि 'चिनू' या तीन चौकोनांतून त्यांच्या घरात कोण काय बघतं हे परक्याला कळतं, आणि चिनूच्या नावावर 'बाबा' काय बघतात हेही. स्टिक खिशात घालून नेली की हा प्रश्न मिटतो.

लॉजवाल्याची तक्रार तेवढी मी साहेबांच्या विरोधात मान्य करतो. केबलच्या बॉक्सची वायर काढायची आणि सकाळी परत न लावता निघून जायचं, ही या जातीची खोड आहे. त्या खोलीत पुढे येणाऱ्याला निळा पडदा आणि 'नो सिग्नल' मिळतो, तो काउंटरवर भांडतो आणि चादर बदलणारा पोरगा स्टुलावर चढतो. साहेबांनी सत्ता घेतली हे ठीक, पण ती सोडताना कारभार होता तसा परत करावा.

हे उपकरण नवं आहे असंही नाही. गूगलचं क्रोमकास्ट २०१३ मध्ये बाजारात आलं आणि अॅमेझॉनची फायर स्टिक भारतात २०१७ मध्ये ३,९९९ रुपयांना. त्याच सुमारास मोबाइल डाटा स्वस्त झाला नसता, तर साहेब अजून बॉक्सच्या रिमोटवर चॅनेल चाळत बसले असते. आता ते मागे फिरणार नाहीत, आणि फिरूही नयेत. फक्त पहाटेची गाडी पकडण्याच्या घाईत स्टिक टीव्हीच्या मागेच राहते, कारण ती नजरेआड लटकत असते. खोली सोडताना चार्जर, टॉवेल आणि गोरसपाक यांच्याबरोबर टीव्हीच्या पाठीमागेही एकदा हात फिरवा. आणि राहूनच गेली, तर लॉजला फोन करण्याआधी आपल्या अकाउंटच्या सेटिंगमध्ये जाऊन ते उपकरण यादीतून काढून टाका. ते फोनवरून, चालत्या गाडीतूनही करता येतं.