'ण' खंय पडलो?

वाशीच्या बाजारात गेली काही वर्षं ऐन नोव्हेंबर-डिसेंबरात 'मलावी हापूस' येतो, हे तुम्ही वाचलं असेलच. आम्ही मालवणात ते पहिल्यांदा वाचलं, तेव्हा छपाईची चूक समजून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तीच चूक दुसऱ्याही पेपरात निघाली, तेव्हा नाक्यावर चौकशी बसली.

"ह्या मालवणीतलो 'ण' खंय पडलो?"

"विमानातसून येता मां? वाटेत पडलो आसतलो."

"आपलो आंबो विमानान कधी फिरूक लागलो?" तिसऱ्याला हा अपमान वाटला. घरच्या आंब्याने घरच्यांना न सांगता विमानात बसावं म्हणजे काय!

मग कळलं की मलावी हा आफ्रिकेतला देश आहे, विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथला हंगाम आपल्या उलटा, आणि 2011 च्या सुमाराला कोकणातूनच हापूस तिकडे नेऊन लावला गेला. हे ऐकल्यावर नाक्याचा सूर एका घोटात बदलला. आमची आते तर म्हणाली, "झिल दुबयक गेलो म्हणान काय आडनाव बदलता? आमचोच तो!"

मी मात्र हादरलो होतो. मुंबईच्या नातेवाइकांत माझी सगळी प्रतिष्ठा हापूसवर उभी आहे. मी पोचलो की आंब्याची पेटी माझ्यापुढे आणून ठेवतात. मी देठाशी नाक नेतो, डोळे मिटतो, जरुरीपेक्षा जास्त वेळ मिटलेलेच ठेवतो आणि "देवगड" असा निकाल देतो. या कोर्टात आजवर कुणी अपील केलेलं नाही. आता डिसेंबरातही ही समाधी लावायची वेळ आली, तर डोळे उघडून काय म्हणू? "लिलाँग्वे"? राजधानीचं नाव निदान पाठ करून ठेवलं.

बचावाचा सिद्धांतही तयार होता. हापूसची चव येते ती कातळातून आणि खाऱ्या वाऱ्यातून. मलावीला समुद्रच नाही, तर चव येणार कुठून? हे मी दोन लग्नांत आणि एका बारशाला ऐकवलं. शेवटी पुतण्याने मोबाइल पुढे धरला. मलावीत सुमारे 580 किलोमीटर लांबीचं सरोवर आहे. आमच्या अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किनारा 121 किलोमीटर. "काका, तेंचा तळा आपल्या दर्यापेक्षा लांब आसा," तो म्हणाला. तळ्याचं पाणी गोडं असतं, एवढंच मी खारटपणे सांगितलं.

नावाचा वाद निघाला की मी अफोन्सो द अल्बुकर्कवर घसरतो. घरचे तेवढ्यात उठून जातात; तुम्ही बसलाच आहात तर ऐका. या पोर्तुगीज सरदाराने 1510 मध्ये आदिलशाहीकडून गोवा घेतला. पुढच्याच वर्षी मलाक्का, नंतर ओर्मुझ. हापूस हे त्याचंच नाव, आपल्या जिभेवर घासून गुळगुळीत झालेलं. पण त्याने हापूस खाल्ला होता का? ओर्मुझहून परतताना 1515 च्या डिसेंबरात, गोव्याच्या बंदराच्या तोंडाशी आल्यावर, तो जहाजावरच मेला. गोव्यातल्या कलमांचं श्रेय ज्यांना देतात ते जेझुइट पाद्री उतरले 1542 मध्ये. म्हणजे ज्याच्या नावाने आपण डझनाचा भाव विचारतो, तो जाऊन सव्वीस वर्षं झाली तरी कलम बांधणाऱ्यांचा पत्ता नव्हता! बरं, गेला तोही डिसेंबरात. तेव्हा मलावीचा माल येत असता, तर निदान एक फोड तोंडात पडली असती. मलाक्का हातचं गेलं, ओर्मुझ गेलं, गोवाही गेला. राहिलं ते फळ, ज्याची कोयही त्याने चोखली नाही. इतकं परकं नाव आम्ही अभिमानाने छातीवर मिरवतो, आणि ज्यांनी पेटीवर आपल्या देशाचं खरं नाव लिहिलं, त्यांना हसतो.

नावाने काय होतं म्हणणाऱ्याने वेंगुर्ल्याला जाऊन यावं. तिथल्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' काढला. त्यात फळ आतून बिघडवणारा साका होत नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून 'सिंधु' काढला. त्याची कोय फक्त नावापुरती. जिल्ह्याचं अर्धं नाव लावलेल्या या गुणी आंब्याची पेटी मुंबईच्या एकाही नातेवाइकाने माझ्याकडे मागितलेली नाही. त्यांना कोकणातली दोनच गावं ठाऊक: देवगड आणि रत्नागिरी. आमच्या मालवणजवळच्या कुंभारमाठच्या बागेतून हंगामातली पहिली पेटी निघाल्याची बातमी पेपरात येते, तीही पुष्कळांना देवगडचीच वाटते. बाकीचं सगळं सिंधुदुर्ग या दोन गावांच्या खांद्यावर बसून शहर बघतं.

यावर हसता येतं. पण दुसरी एक पेटी पाहिली की माझं हसू जातं. आंबा कर्नाटकातला आणि वर ठळक 'देवगड'. कर्नाटकातला शेतकरीही घाम गाळूनच आंबा पिकवतो. त्याचं नावही त्या पेटीने पुसलेलं असतं. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तरी देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेला 2025 च्या हंगामात फळाफळावर क्रमांकाचे स्टिकर लावायची तजवीज करावी लागली. आपणच आपण आहोत, हे सिद्ध करण्याचा खर्चही बागायतदाराच्याच माथी.

खर्च आधीच कमी नसतो. मोहोर फुटतो, मळभ येतं, तुडतुडे आणि फुलकिडे पडतात, फवारणी उसनवारीवर चालते. आंबा वाशीला जातो, भाव तिथे ठरतो आणि दलालाची पट्टी हातात पडते तेव्हा बागायतदाराला कळतं की वर्षभर आपण कितीला राबलो. त्या पट्टीवर त्याचं नाव असतं. पेटीवर नसतं.

म्हणून मलावीवाल्यांवरचा माझा राग आता गेला आहे. डिसेंबरात परवडत असेल तर खुशाल खा. ती पेटी कुठून आली ते सरळ सांगते. एप्रिल-मेमध्ये मात्र माझ्यासारख्या डोळे मिटून वास घेणाऱ्यांवर विसंबू नका. विक्रेत्याला बागायतदाराचं नाव, गाव आणि फोन नंबर विचारा. तो सांगू शकला नाही, तर पेटीवर देवगड असो की मालवण, ती तिथेच ठेवा.