रिटर्न मारणारा 'आय'

फॉर लूपच्या व्याकरणात चलाला कुठे बसवायचं, हा वाद मुळात जागेचा. 'सी' भाषेत १९९९च्या मानकापर्यंत लूपच्या कंसात चल जाहीर करायची सोय नव्हती. आधीच वर जाहीर केलेला 'आय' हा चल लूप संपला तरी जागेवरच. डोंबिवलीच्या लोकल प्रवाशांत अशा बसून राहण्याला रिटर्न मारणं म्हणतात: उलट्या गाडीने कल्याणला जायचं, गाडी सीएसएमटीकडे फिरली तरी खिडकी सोडायची नाही. पायथनचा पार्सर 'फॉर'पुढे साधं नाव, टपल, अगदी यादीतलं एखादं घरही चालवून घेतो. तिघांच्या बाकावर सरकून दिलेली चौथी सीट ती हीच! वर लूपबाहेरही शेवटचं मूल्य धरून बसायची मुभा. अ‍ॅडा भाषा कडक: चल लूपपुरताच, आत त्याचं मूल्य बदलायचं नाही, लूप संपताच उतरायचं. ठाणे लोकल ठाण्याला रिकामी होते, तसं.