आधीचा फोटो ओळखा

एका अभिनंदनाचा ठराव कधीचा राहून गेला आहे, तो येथे मांडतो. १९७० साली अमेरिकी डॉक्टरांनी नोंदवले की आईसकांडी चोखल्याने तान्ह्या मुलाच्या गालातील चरबीला सूज येते. तेव्हा तो आजार होता. पुढे बोस्टनच्या संशोधकांनी त्या आजारातूनच उपचार घडवला: चरबी घटावी म्हणून पोट-कमरेच्या वळ्या यंत्राच्या तोंडात ओढायच्या आणि गोठवायच्या. २०१० मध्ये तिकडच्या अन्न व औषध प्रशासनाने यास कमरेच्या वळ्यांसाठी परवानगी दिली. सुई नाही, सुरी नाही.

चाचणीची पद्धत तर वंदनीय. तज्ज्ञांपुढे रुग्णाचे दोन फोटो ठेवायचे आणि आधीचा कोणता ते विचारायचे. ओळखता आला की उपचार लागू पडला. आमची नम्र सूचना, हीच कसोटी मोतीबिंदूलाही लावावी. दोन फोटोंतला फरक परीक्षकाला दिसला, की रुग्णालाही दिसू लागले असे समजावे. (तक्ते वाचायला लावण्याचा वेळ वाचेल.)

२०१४ मध्ये एक किरकोळ बाब प्रसिद्ध झाली. क्वचित एखाद्याची चरबी घटण्याऐवजी वाढते, टणक होते आणि यंत्राच्या तोंडाचाच आकार घेते. इतकी आज्ञाधारक चरबी आणखी कोणत्या उपचारात मिळते? ती काढायला मात्र लायपोसक्शन, म्हणजे जी टाळायची होती तीच शस्त्रक्रिया लागते.

या रुग्णांना कोणी अपयशी म्हणू नये. त्यांचा आधीचा फोटो शेंबडे पोरही ओळखेल.